दोघांचा युरोप : किती शहरं, किती रात्री? तुमचे अनुभव सांगा

आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली तेव्हा युरोपला जायचं ठरलं. टूर कंपनीबरोबर नको, आपलं आपण जाऊ, एवढं एकमत होतं. पुढचं सगळं वादाचं. रजा वगैरे बसवून हातात चौदा रात्री होत्या आणि हिच्या वहीत नऊ शहरं : लंडन, पॅरिस, ब्रुसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन, झुरिक, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम.

एका रविवारी जेवणं आटोपल्यावर हिने फडताळातून चिंचोक्यांची डबी काढली. चौदा मोजून माझ्यापुढे ठेवले. "एक चिंचोका म्हणजे एक रात्र. ठेवा बघू कुठे ठेवायचे ते." जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर शहरांची नावं लिहिली आणि ठेवायला घेतले. पाच-सहा ठिकाणी एकेकच चिंचोका पडत होता. आणि एक रात्र म्हणजे हातात येतं काय? दुपारी पोचायचं, खोली तीनच्या आधी मिळत नाही, दुसऱ्या दिवशी दहा-अकराला खाली करायची. मिळते ती एक संध्याकाळ. शिवाय गाव बदलायचं म्हटलं की बॅगा भरा, स्टेशन गाठा, गाडी, नवीन हॉटेल शोधा, यात अर्धा दिवस जातोच. नऊ शहरं म्हणजे असे आठ अर्धे दिवस. चौदातले चार दिवस नुसते सामान ओढण्यात जाणार होते.

लंडन पहिलं गेलं, कारण त्याचा व्हिसा वेगळा. ब्रुसेल्स आणि कोलोन आम्हाला फक्त वाटेत होती म्हणून यादीत आली होती, ती सहज गेली. झुरिकमध्ये नुसती गाडी बदलायची ठरली, मुक्काम डोंगरातल्या लाउटरब्रुनेन गावी. अ‍ॅमस्टरडॅमला हळहळलो. व्हेनिसवर दोन दिवस बोलणी चालली होती. शेवटी राहिलं ते असं : पॅरिस ४, स्वित्झर्लंडमधलं लाउटरब्रुनेन ४, फ्लॉरेन्स ३, रोम ३. विमान मुंबई ते पॅरिस आणि परतीचं रोमहून, एकाच मल्टि-सिटी तिकिटावर. पुन्हा पॅरिसला यायचं असतं तर एक चिंचोका तिथेच गेला असता.

त्या चार रात्रींचं मोल लाउटरब्रुनेनला कळलं. दोन दिवस पाऊस. खिडकीसमोर श्टाउबाखचा जवळजवळ तीनशे मीटरचा धबधबा, पण ढगात त्याचा फक्त खालचा भाग दिसायचा. दोन्ही दिवस आम्ही गावातच छत्री घेऊन फिरलो, गाईंच्या घंटा ऐकल्या, बाल्कनीत चहा प्यालो. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला वेबकॅम बघितला, वर लख्ख ऊन होतं. तेव्हा कुठे युंगफ्राउयोखचं, म्हणजे वरच्या बर्फातल्या खिंडीपर्यंत जाणाऱ्या रेल्वेचं, तिकीट काढलं. ३,४५४ मीटरवर बाहेर पाऊल टाकलं आणि हिने माझा हात घट्ट धरला, तो बराच वेळ सोडला नाही. एकच रात्र ठेवली असती तर तेवढेच पैसे भरून आम्ही ढग बघून आलो असतो.

आता तुम्ही सांगा. दोघांनी कसं ठरवलं, काय चुकलं, काय जमलं. आकडे असतील तर तेही द्या, नव्याने जाणाऱ्यांच्या कामी येतील.

डोंबिवलीहून

रात्रींचा हिशेब व्हिसालाही लागतो, हे आम्ही फार महागात शिकलो. शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात जास्त रात्री राहणार त्याच देशाकडे करायचा. रात्री सारख्याच असतील तर ज्या देशात आधी उतरणार त्याच्याकडे. वरच्या चौदा रात्रींत इटलीच्या सहा आहेत, म्हणजे अर्ज इटलीकडे, विमान पॅरिसला उतरत असलं तरी.

आम्हाला ज्या देशात पाच रात्री होत्या त्याच्याकडे अर्ज द्यायची तारीख मिळेना. दुसऱ्या देशाची लगेच मिळत होती, तिथे आमच्या तीनच रात्री. "व्हिसा एकच असतो, काय फरक पडतो" असं कोणीतरी सांगितलं, आम्ही ऐकलं. नकार आला. फी परत मिळत नाही. माणशी ९० युरो, त्यावर व्हिसा अर्ज केंद्राचे सेवाशुल्क, आणि सगळं पुन्हा भरलं. नवं लग्न, पहिली परदेशवारी, नकाराचं पत्र हातात आलं तेव्हा बायको रडली होती. ते अजून विसरलो नाही.

दुसऱ्या वेळी काय केलं ते लिहितो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, आम्ही चार महिने आधीच केला. उन्हाळ्यासाठीच्या तारखा झपाट्याने संपतात. कव्हरिंग लेटरमध्ये रोजची एक ओळ : तारीख, गाव, हॉटेल, पुढची गाडी. ते तारखांसह हॉटेल बुकिंगशी तंतोतंत जुळवलं. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो आणि तो संपूर्ण शेंगेनसाठी असावा लागतो. बायकोच्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव, म्हणून मॅरेज सर्टिफिकेट जोडलं. परतल्यानंतर पुढे तीन महिने तरी पासपोर्ट चालू हवा, हेही आधी बघून घ्या. खात्यात ऐनवेळी मोठी रक्कम टाकू नका. सहा महिन्यांचं नेहमीचं, पगार येतोय-खर्च होतोय असं खातं जास्त विश्वासाचं दिसतं. या वेळी दोन आठवड्यांत व्हिसा आला.

नाशिकहून

माझं वय ६६, ह्यांचं ७१. माझ्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. आम्ही व्हेनिसला तीन रात्री राहिलो आणि मला ते सगळ्यात आवडलं, पण सामानाचं आधी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

व्हेनिसमध्ये गाडी नाही, रिक्षा नाही. सांता लुचिया स्टेशनातून बाहेर आलं की समोर थेट कालवा. हॉटेल नकाशावर सातशे मीटर दिसत होतं. त्या सातशे मीटरमध्ये चार पूल, आणि प्रत्येक पुलाला पायऱ्या. दोन मोठ्या बॅगा. हे एक बॅग पुलापलीकडे ठेवून परत यायचे, मी दुसरीपाशी उभी. दुसऱ्या पुलावर एका तरुण मुलाने न विचारताच बॅग उचलून दिली.

म्हणून माझं सांगणं : व्हेनिसमध्ये हॉटेल वापोरेत्तोच्या थांब्याला लागून घ्या. वापोरेत्तो म्हणजे तिथली बोटीची बससेवा. एक फेरी साडेनऊ युरो पडते, पण पाठ वाचते. नाहीतर रेल्वेने दहा मिनिटं अलीकडे मेस्त्रे आहे, तिथे रस्ते सरळ आणि खोल्या स्वस्त. मात्र रात्रीचं रिकामं व्हेनिस तिथे मिळत नाही. दिवसभराची गर्दी गेली की पाण्याचा आवाज ऐकू येतो, त्यासाठी मी पुन्हा आतच राहीन. फक्त बॅग माणशी एक आणि स्वतःला उचलता येईल एवढीच नेईन.

इटलीत लोकल गाडीचं कागदी तिकीट काढलं तर चढण्याआधी फलाटावरच्या मशीनमध्ये त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. आम्हाला माहीत नव्हतं, दंड भरला.

ठाण्याहून

सगळे मार्ग आणि तिकिटांबद्दल लिहितात. मला वेगाबद्दल लिहायचंय.

माझा नवरा चित्रं काढतो. प्रत्येक चित्रासमोर दहा मिनिटं उभा राहणार, खालची पाटी वाचणार, मागे जाऊन पुन्हा बघणार. मला दोन तासांनंतर काही दिसेनासं होतं, पाय भरून येतात. पॅरिसला दुसऱ्याच दिवशी लूव्हर संग्रहालयात पाच तास काढले. मी काही बोलले नाही, कारण हे त्याचं कॉलेजपासूनचं स्वप्न. त्यालाही कळत होतं की मी कंटाळलेय, त्यामुळे त्यालाही नीट बघता येईना. संध्याकाळी सीनच्या काठाने चालताना एका क्षुल्लक गोष्टीवरून, बहुतेक पाण्याच्या बाटलीवरून, जोरात भांडलो. इतक्या दूर येऊन, इतके पैसे घालून.

रात्री खोलीवर बसून ठरवलं. एक दिवसाआड दुपारी तीन तास आपापले. भेटायची जागा आणि वेळ आधी पक्की, आणि फोन बंद पडला तर अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा यायचं.

दुसऱ्या दिवशी तो ऑर्से संग्रहालयात गेला आणि मी लुक्सांबूर बागेत. तिथे हिरव्या लोखंडी खुर्च्या असतात, कोणीही उचलून हवी तिथे नेऊन ठेवावी. मी एक ओढून तळ्याच्या काठाला नेली. लहान मुलं पाण्यात शिडाच्या होड्या सोडत होती आणि काठीने ढकलत होती. एक होडी सारखी माझ्या बाजूच्या काठाला येऊन अडकायची, मग मी ती वळवून द्यायचे. तीन तास मी एवढंच केलं. सहाला तो आला तेव्हा त्याचा चेहरा उजळलेला, आणि मी पण ताजी. त्याने मला चित्रकार मोने सांगितला, मी त्याला होडी सांगितली. फ्लॉरेन्सला तो उफीत्सी संग्रहालयात, मी सांत'अंब्रोजोच्या भाजीबाजारात. परतल्यावर आम्हाला सगळ्यात जास्त आठवतात त्या या संध्याकाळच्या भेटी.

एक हिशेबाची गोष्ट : लूव्हर मंगळवारी बंद, ऑर्से आणि उफीत्सी सोमवारी बंद, व्हॅटिकनची संग्रहालयं महिन्याचा शेवटचा रविवार सोडून बाकी रविवारी बंद. गावांच्या तारखा ठरवताना वार समोर ठेवा.

श्टुटगार्टहून (मूळ साताऱ्याचे)

आमच्याकडे दरवर्षी कोणी ना कोणी येतं, त्यामुळे थोडं रेल्वेबद्दल.

लांबच्या गाड्यांची तिकिटं विमानासारखी असतात, लवकर काढाल तितकी स्वस्त. फ्रान्सच्या टीजीव्ही या वेगवान गाड्यांना आरक्षण लागतंच. जर्मनी-ऑस्ट्रियात बऱ्याच गाड्यांना ते सक्तीचं नाही, पण शुक्रवार-रविवारी दोघांना शेजारी बसायचं असेल तर करा. जर्मनीतून जाणार असाल तर गाडी बदलायला निदान पाऊण तास ठेवा, उशीर नेहमीचा आहे. आणि सगळा प्रवास एकाच तिकिटावर घ्या. मग पहिल्या गाडीच्या उशिराने दुसरी चुकली तर पुढची पकडता येते. दोन सुटी तिकिटं असतील तर दुसरं वाया जातं. गेल्या वर्षी माझ्या मावशी-काकांचं असंच झालं, मी फोनवर होतो आणि काही करू शकलो नाही.

रविवारी जर्मनी, ऑस्ट्रिया, स्वित्झर्लंडमध्ये दुकानं बंद. शनिवारीच दूध-ब्रेड घेऊन ठेवा, किंवा मोठ्या स्टेशनातलं दुकान गाठा.

नागपूरहून

आम्ही बजेटमध्ये बसेल असं बघत होतो, म्हणून प्राग ३, व्हिएन्ना ३, बुडापेस्ट ३. प्राग-व्हिएन्ना चार तास, व्हिएन्ना-बुडापेस्ट पावणेतीन तासांच्या आत. तीनच गावं पण चलनं तीन : कोरुना, युरो, फोरिंट. कार्ड सगळीकडे चाललं. एटीएम किंवा दुकानातलं मशीन "रुपयांत घ्यायचे का" विचारतं, तिथे नेहमी नाही म्हणा, तिथल्या चलनातच घ्या. रुपयांचा त्यांचा दर आपल्याला महाग पडतो.

डिसेंबरात गेलो, नाताळच्या बाजारांसाठी. बाजार फार सुंदर. पण दुपारी चारला अंधार पडतो, तो विचार आम्ही केला नव्हता. बाहेरून बघायचं सगळं सकाळी उरकून घ्यावं लागतं. बुडापेस्टला सेचेनीच्या गरम पाण्याच्या कुंडात उघड्यावर बसलो होतो, डोक्यावर बर्फ भुरभुरत होता. बायको म्हणाली, यासाठी सगळा अंधार माफ.

सांगलीहून

आम्ही शाकाहारी, कांदा-लसूण चालतं. स्वित्झर्लंडमध्ये स्वयंपाकघर असलेली खोली घेतली आणि कोप नावाच्या सुपरमार्केटमधून भाज्या, तांदूळ. बेसन, मसाला, पोहे इथून नेले. तूप आणि दुधाचे पदार्थ युरोपियन युनियनमध्ये बाहेरून नेता येत नाहीत, ते बॅगेत घालू नका. इटलीत पिझ्झा मारिनारा मागा, त्यावर चीज नसतंच. पार्मेजान चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधीच सांगावं.

मुंबईहून

रोमच्या गर्दीच्या बसमध्ये आमचं पाउच गेलं. दोघांचे पासपोर्ट त्या एकाच पाउचमध्ये होते, ही माझी चूक. आधी पोलिसांत तक्रार, तिचा कागद घेऊन भारतीय दूतावास, तिथे इमर्जन्सी सर्टिफिकेट. ते फक्त भारतात परतण्यापुरतं चालतं, त्यामुळे पुढचं पॅरिस रद्द झालं. दूतावासात नीट वागवलं, फोटो आणि पासपोर्टच्या झेरॉक्स जवळ असल्यामुळे काम लवकर झालं. आता आम्ही एकमेकांच्या झेरॉक्स ठेवतो, आणि पासपोर्ट कधीच एका जागी नाही. पॅरिस अजून व्हायचंय.

बेळगावहून

हे सगळं वाचून काल रात्री आम्हीही बसलो. चिंचोके नव्हते, वाल घेतले. अकरा. अ‍ॅमस्टरडॅमवर तीन ठेवले, कारण आईला ट्युलिपचे फोटो दाखवायचेत, आणि क्युकेनहॉफची बाग मे महिन्याच्या मध्यापर्यंतच उघडी असते, म्हणून एप्रिल धरला. पॅरिसवर चार. राहिले चार वाल. ही म्हणते सगळे स्वित्झर्लंडला, मी म्हणतो दोन बेल्जियममधल्या ब्रूजला. वाल अजून टेबलावरच आहेत. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात लाउटरब्रुनेनला वरच्या पायवाटांवर बर्फ असतो का, कोणी त्या दिवसांत गेलं असेल तर लिहा, त्यावर ठरेल.