सहा वेळा निवडून दिलं, पण आपल्या वतीनं सभागृहात प्रश्न कोण विचारतं?

खामलेकर (धागाकर्ता)

देवेंद्र फडणवीस १९९९ पासून सलग सहा वेळा आमदार झाले. त्याआधी १९९२ ला नगरसेवक, १९९७ ला सत्ताविसाव्या वर्षी महापौर. पहिल्या दोन विधानसभा पश्चिम नागपुरातून, मतदारसंघांची फेररचना झाल्यावर २००९ पासूनच्या चार आपल्या दक्षिण-पश्चिम नागपुरातून. ज्यांनी १९९९ ला पहिल्यांदा मत दिलं त्यांची पोरं आता मतदार झाली, कमळासमोरचं नाव मात्र तेच आहे.

माणूस चांगला की वाईट, पक्ष चांगला की वाईट, हा वाद इथे नको. त्याला फेसबुक आहे. माझा मुद्दा वेगळा आहे. ३१ ऑक्टोबर २०१४ ला ते मुख्यमंत्री झाले. २०१९ अखेर ते २०२२ च्या जूनपर्यंतची विरोधी पक्षनेतेपदाची अडीच वर्षं सोडली, तर तेव्हापासून ते मुख्यमंत्री किंवा उपमुख्यमंत्रीच आहेत. मंत्री तारांकित प्रश्न (सभागृहात तोंडी उत्तर मागणारा) टाकत नाही, लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे सरकारचं लक्ष वेधणारी) देत नाही. तो उत्तर द्यायला उभा राहतो. म्हणजे बाकीच्या मतदारसंघांना सरकारला अडवून विचारणारा एक माणूस मिळतो, आपल्याला तो मिळत नाही.

मताधिक्य बघा. २०१४ ला ५८,९४२. २०१९ ला ४९,३४४. २०२४ ला ३९,७१०. पद तेच किंवा मोठं, आणि दर निवडणुकीला साधारण दहा हजारांची गळती. मला ह्या दोन गोष्टींचा संबंध दिसतो. तुम्हाला?

आकडेमोड

नाही दिसत. मताधिक्य म्हणजे दोन आकड्यांची वजाबाकी. एकटी वजाबाकी बघून निष्कर्ष काढू नये.

२०१४ ला युती तुटली होती, आघाडीही तुटली होती. शिवसेना वेगळी, राष्ट्रवादी वेगळी, बसपा तर होतीच. विरोधातली मतं चार घरी वाटली गेली, म्हणून फरक ५८ हजारांवर गेला. २०२४ ला समोर एकवटलेली आघाडी होती. आता नुसती त्यांची मतं बघा: २०१४ ला १,१३,९१८, २०१९ ला १,०९,२३७, २०२४ ला १,२९,४०१. ज्या निवडणुकीत तुम्ही गळती म्हणता त्याच निवडणुकीत त्यांना ह्या मतदारसंघातली आजवरची सगळ्यात जास्त मतं पडली.

आणखी एक. १९९९ आणि २००४ चे आकडे कोणी मध्ये आणणार असेल तर आधीच सांगतो, तो जुना पश्चिम मतदारसंघ अवाढव्य होता. त्याची तुलना आजच्याशी होत नाही.

खामलेकर

अर्धाच हिशेब दिलात. २०१४ ला काँग्रेसचे प्रफुल गुडधे ५४,९७६ वर होते, २०२४ ला तेच गुडधे ८९,६९१ वर गेले. दहा वर्षांत फडणवीसांची मतं साडेपंधरा हजारांनी वाढली, गुडधेंची जवळपास पस्तीस हजारांनी. उमेदवार तेच दोघे, मतदारसंघ तोच. शिवसेनेतली आणि राष्ट्रवादीतली फूट धरली तर २०२४ ला महायुतीच्या पाठीशीही आणखी दोन पक्ष होते. तरी वाढीचा मोठा वाटा तिकडे गेला.

जुना धरमपेठी

आकडेवाल्यांनी थोडं बाजूला बसावं. ह्या मतदारसंघाची खरी गोष्ट हरलेल्यांच्या यादीत आहे, आणि ती नव्या पोरांना ठाऊक नसते.

१९९० आणि १९९५ ला पश्चिम नागपूरचे भाजपचे आमदार विनोद गुडधे पाटील होते. मनोहर जोशींच्या सरकारात राज्यमंत्रीही झाले. १९९९ ला पक्षानं त्यांच्या जागी तरुण माजी महापौराला उभं केलं. पुढे गुडधे पाटलांनी पक्षच सोडला. २०१४ आणि २०२४ ला काँग्रेसकडून उभे राहिलेले प्रफुल गुडधे हे त्यांचेच चिरंजीव. म्हणजे ज्या घराकडून ही जागा गेली त्याच घरानं ती दोनदा परत मागितली.

२००४ ला समोर रणजित देशमुख. काँग्रेसचं प्रदेशाध्यक्षपद भूषवलेला माणूस, शहरात शिक्षणसंस्था, मोठा गोतावळा. हरले. २०१९ ला त्यांचे चिरंजीव आशिष देशमुख. हे २०१४ ला भाजपच्याच तिकिटावर काटोलातून काकांना, अनिल देशमुखांना पाडून आमदार झाले होते, मग राजीनामा देऊन काँग्रेसमध्ये गेले आणि ऐनवेळी इथे उतरले. हरले. आता २०२४ ला ते सावनेरातून आमदार आहेत, पुन्हा भाजपचे! २००९ ला विकास ठाकरे हरले, मग शेजारच्या पश्चिममध्ये गेले. तिथे २०१४ ला हरले, पण २०१९ आणि २०२४ ला जिंकून आले.

ह्यातून मला एवढं दिसतं की काँग्रेसनं इथे पाच-पाच वर्षं मुक्काम ठोकणारा माणूस ठेवलाच नाही. गुडधे तेवढे नगरसेवक म्हणून मुरलेले, आणि त्यांचीच मतं वाढली. खामलेकर, तुमचा प्रश्न विचारणारा आमदार वगैरे ठीक आहे, पण मतं त्यानं वाढली नाहीत. सलग भेटणाऱ्या माणसानं वाढली.

वऱ्हाडी ठसका

काहून प्रश्न पायजे बाप्पा तुमाले? काम पायजे का प्रश्न पायजे?

आमदार प्रश्न विचारते, मंत्री उत्तर देते. आमचा आमदार डायरेक्ट उत्तराच्याच खुर्चीवर बसून हाय, तर मंधातला दलाल कायले पायजे? आयआयएम आलं, लॉ युनिव्हर्सिटी आली, एम्स आलं, मेट्रो खापरीहून सीताबर्डीले २०१९ मधी धावली. समृद्धीचं पहिलं टोक कुठून चालू होते? नागपुरातून. हे सारं तारांकित प्रश्न टाकून आलं असतं का? पंधरा वर्षं आपण विरोधी बाकावरचे आमदार पाहून घेतले राजेहो. विदर्भाचा बॅकलॉग, बॅकलॉग करून गळे सुकले त्याइचे. घेतलं का कोणी मनावर?

सौ. त्रिमूर्तीनगर

वऱ्हाडी ठसका, यादी बरोबर आहे, पण ती शहराची यादी आहे. एम्स मिहानमध्ये आहे आणि ते सगळ्या विदर्भाचं आहे, असावंच. मेट्रोचं भूमिपूजन ऑगस्ट २०१४ ला झालं तेव्हा मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण होते, हेही जाता जाता लक्षात ठेवा. मला विचारायचं आहे ते गडरलाइन, लेआउटचं आर.एल. (भूखंड नियमित झाल्याचं रिलीज लेटर), पावसाळी नाल्या ह्यांबद्दल. ह्यासाठी कोणाकडे जायचं?

तुम्ही म्हणाल नगरसेवकाकडे. २०२२ च्या मार्चमध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. नगरसेवकच नव्हता. ह्याच काळात २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी ओसंडून नागनदी घराघरांत शिरली. तेव्हा महापालिकेच्या सभेत विचारणारा कोणी नाही, आणि आपला आमदार म्हणजेच उपमुख्यमंत्री आणि पालकमंत्री. म्हणजे तक्रार ज्याच्याविरुद्ध करायची आणि ज्याच्यामार्फत करायची तो एकच. ते पाहणीला आले, मदत जाहीर झाली, नाही म्हणत नाही. पण सरकारला खोदून विचारणं वेगळं असतं.

आमच्या लेआउटचं आर.एल. एका कार्यालयात कित्येक वर्षं अडकून पडलं होतं. संपर्क कार्यालयात स्वीय सहायक अगदी नम्र भेटतात, निवेदन घेतात, शिक्का मारून पोच देतात. पोचपावत्यांची फाईल मात्र जाड झाली.

आकडेमोड

पोचपावती तरी मिळते. बाकी ठिकाणी आमदाराचा पुतण्या भेटतो.

प्रश्नांचं एवढं कौतुक चाललं आहे म्हणून सांगतो. विधानमंडळाच्या प्रश्नोत्तरांच्या याद्या कधी वाचल्या आहेत का कोणी? '(१) हे खरे आहे काय, (२) असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?' आणि खाली उत्तर: '(१) हे अंशतः खरे आहे. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.' संपलं. असे हजारो प्रश्न दर अधिवेशनाला पडतात, त्यातले तासाभरात चर्चेला येतात मूठभर. ह्याच्या जोरावर तुमची गडरलाइन येणार?

खामलेकर

'अंशतः खरे आहे' हे तीन शब्दसुद्धा कागदावर सरकारच्या सहीनं यावे लागतात. ते आले की वर्तमानपत्र छापतं, माणूस कोर्टात जातो, खालचा अधिकारी दचकतो. प्रश्न विधिमंडळात लागला की तालुक्यापासून मंत्रालयापर्यंत माहिती मागवणारे फोन फिरतात, हे सरकारी नोकरीतल्या कोणालाही विचारा. ते फोन आपल्या वॉर्डासाठी फिरत नाहीत, एवढंच म्हणणं आहे.

संविधान चौक

सगळे भाजप-काँग्रेस करत बसलेत. पस्तीस हजार मतं कुठून आली ते कोणी बोलेना.

ह्या मतदारसंघात दीक्षाभूमी आहे. २०१४ ला आमच्या वस्त्यांतली बरीच मतं बसपाला जायची. २०२४ च्या लोकसभेपासून संविधानाचा मुद्दा पेटला आणि ती मतं एका ठिकाणी गोळा व्हायला लागली. त्यात १ जुलै २०२४ ला दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध लोक उसळले. खोदकामानं स्तूपाला धोका होईल ही भीती कितीतरी दिवसांपासून बोलली जात होती. अधिवेशन चालू होतं, फडणवीसांनी त्याच दिवशी सभागृहात स्थगिती जाहीर केली.

आता खामलेकरांचा मुद्दा मी माझ्या बाजूनं वापरतो. स्थानिक आमदार नुसता आमदार असता तर ही कुजबुज त्यानं आधीच सभागृहात नेली असती. इथे लोकांना रस्त्यावर यावं लागलं, मग ऐकू गेलं.

जुना धरमपेठी

आणि ऐकू गेल्यावर त्याच दिवशी स्थगिती मिळाली ती आमदार उपमुख्यमंत्री होता म्हणून. साध्या आमदाराला तीन अधिवेशनं लागली असती. दोन्ही बाजू लिहा की.

संविधान चौक

लिहिली ना वर. स्थगिती दिली असंच लिहिलं आहे. पण आग लागल्यावर बंब लवकर आला ह्याचं किती कौतुक करायचं?

वकीलसाहेब बजाजनगर

एक गोष्ट चर्चेतून सुटते आहे. मधली अडीच वर्षं. विरोधी पक्षनेता म्हणून त्यांनी सभागृह ज्या ताकदीनं वापरलं तसं अलीकडे फार थोड्यांनी वापरलं. पोलीस अधिकारी सचिन वाझेचं प्रकरण आठवा, मार्च २०२२ मध्ये सभागृहात दिलेला सव्वाशे तासांच्या चित्रणाचा पेनड्राइव्ह आठवा. मी त्यांचा मतदार नाही, पण विधिमंडळ कामकाजाचे नियम असे तोंडपाठ असलेला माणूस समोर असला की सरकारला घाम फुटतो.

म्हणून मला खामलेकरांचा मुद्दा पटतो, फक्त उलट्या कारणानं. १९९९ ते २०१४ हा माणूस विरोधी बाकांवरच बसला आणि तिथेच मोठा झाला. अर्थसंकल्प कसा वाचायचा, सिंचनाचे आकडे कुठे दडलेले असतात, हे तिथेच शिकला. दक्षिण-पश्चिमला सगळ्यात चांगला प्रश्न विचारणारा आमदार त्या काळात मिळाला होता. गंमत अशी की तेव्हाचं मताधिक्य कमी होतं. २००९ ला ते २८ हजारांच्या आतच होतं. प्रश्न विचारणाऱ्याला आपण कमी मतं दिली, खुर्चीवाल्याला जास्त. मग गळती-बिळती सोडा, दोष कोणाचा?

वऱ्हाडी ठसका

आता बोलले वकीलसाहेब. लोकाइले खुर्चीच पायजे असते!

वसंतराव नाईकांनंतर पाच वर्षांची मुदत पुरी करणारा मुख्यमंत्री महाराष्ट्राले भेटला तो आपल्या गल्लीतला. ते सोडून प्रश्न विचारणारा आमदार मागून रायले. उद्या मुख्यमंत्री कोथरूडचा झाला मंग रडान.

सौ. त्रिमूर्तीनगर

भाऊ, खुर्ची मागायची तर मोठं तरी मागा. भाजपचा स्वतंत्र विदर्भाचा ठराव १९९७ चा आहे, भुवनेश्वरचा. विदर्भ विकास मंडळाची मुदत २०२० च्या एप्रिलमध्ये संपली. विरोधात असताना ह्यावर किती तावातावानं बोलायचे आपले आमदार! खुर्चीत बसल्यावर त्यांना हे विचारायला आपल्याकडे कोण आहे?

वऱ्हाडी ठसका

विदर्भाचं काढू नका ताई. तो दुसरा धागा काढा, रात्र पुरनार नाही.

आकडेमोड

मुद्द्यावर या. खामलेकर, तुम्हाला नेमकं काय हवं आहे? मुख्यमंत्र्यानं राजीनामा देऊन मागच्या बाकावर बसावं?

खामलेकर

नाही. मला साधी गोष्ट हवी आहे. डिसेंबरमध्ये अधिवेशन आपल्याच शहरात, सिव्हिल लाइन्सला भरतं. शहरातले बाकीचे आमदार आहेत, भाजपचे आहेत, काँग्रेसचे ठाकरे आणि राऊत आहेत. ह्यांच्यापैकी कोणीही दक्षिण-पश्चिममधल्या विषयावर प्रश्न टाकू शकतो, नियमात कुठेही आडकाठी नाही. फक्त सत्तेतला टाकत नाही, कारण उत्तर द्यायला नेता उभा राहणार. विरोधातला टाकत नाही, कारण त्याची मतं तिथे नाहीत. गेल्या दोन अधिवेशनांच्या याद्या काढून आपल्या भागाचे किती प्रश्न लागले ते मोजायला कोण बसतं माझ्यासोबत? विधानमंडळाच्या संकेतस्थळावर असतात.

जुना धरमपेठी

मी बसतो. पण नागनदीचा प्रश्न पश्चिमच्या आमदारानं विचारला असेल तर तो कोणाच्या खात्यात धरायचा, ते आधी ठरवा. नदी दोन्हीकडून वाहते.

आकडेमोड

मीही येतो. पण '(२) व (३) प्रश्न उद्भवत नाही' असे किती निघाले, तो रकाना मी भरणार.

वऱ्हाडी ठसका

मोजा मोजा. अन् २०२९ ले गुडध्याइले तिकीट देनार का पुन्हा ऐनवेळी कोणी बाहेरचा आननार, हे काँग्रेसवाल्याइले विचारून ठेवजा तेवढ्यात.