मंचला आलेल्या नव्या माणसाने कुणालाही 'सर' का म्हणावं?

गाठ_निरगाठ: परवा एका ज्येष्ठांनी लिहिलं की नव्यांनी मंचला (बीडीएसएमवाल्यांच्या, म्हणजे संमतीने बांधण्याचे, हुकूम देण्या-मानण्याचे खेळ आवडणाऱ्यांच्या, हॉटेलातल्या भेटीला) अनुभवी डॉमना, म्हणजे हुकूम देणाऱ्यांना, 'सर' म्हणावं, आपणहून विषय काढू नये, आणि जमत नसेल तर घरी बसावं. वाचून डोकंच फिरलं. अहो, १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला पालो अल्टोच्या बर्गरच्या दुकानात मंच सुरू झाले ते साध्या कपड्यांत, चारचौघांसारखं बसून गप्पा मारायला. थेट कुणाच्या पार्टीला जायची भीती वाटते त्यांच्यासाठी. तिथे कुणी कुणाचं सब, म्हणजे हुकूम मानणारं, नसतं. 'सर' आधी बोलून, दोघांच्या मर्जीने येतं. न विचारता माणसाला आपल्या सीनमध्ये, म्हणजे खेळात, ओढायचं आणि वर त्याला रीत म्हणायचं? शेजारच्या टेबलावर आजोबा मिसळ खात असतात, त्यांची संमती घेतली होती का?

दोरीवाले_काका: ते ज्येष्ठ मीच. नाव घेतलं असतंत तरी चाललं असतं. हल्ली चार रील बघून डॉम होतात. दंडाच्या बाहेरच्या बाजूला दोर चुकीचा बसला की नस दबते आणि मनगट लुळं पडतं, हे ठाऊक नसतं. ते मी फुकट शिकवतो. शाळेत मास्तरांना सर म्हणत होतात ना? मग माझ्या वेळीच आभाळ का कोसळलं?

पेठेतली_मांजर: मास्तर खांद्यावर हात ठेवून "तू ब्रॅट (मुद्दाम खोड्या काढणारी सब) दिसतेस" म्हणत नाहीत हो काका! माझ्या पहिल्याच मंचला एका 'सरां'नी हे केलं. वेटर कोल्ड कॉफी घेऊन तिथेच उभा, ग्लास कुणापुढे ठेवायचा ते त्याला कळेना. मग "खरं नाव काय, कंपनी कुठली" सुरू. आयोजकांना सांगितलं तर म्हणे, "ते जुने आहेत, मनावर घेऊ नकोस."

एकटा_जीव: आयोजकांचा विषय निघालाच आहे तर विचारतो. एकट्या पुरुषाला ८०० रुपये आणि बायकांना फुकट, हा कुठला शिष्टाचार? कोल्ड कॉफी तीच ना?

गाठ_निरगाठ: इथे फीचा विषय नाही.

एकटा_जीव: तुमच्यासाठी नसेल. मी नाशिकहून एसटीने येतो.

पेठेतली_मांजर: फुकट? घरी पोचेपर्यंत इनबॉक्समध्ये "हाय स्लेव्ह"ची रांग लागलेली असते. ती घ्या, मी ८०० भरते.

एकटा_जीव: म्हणजे दुसऱ्यांच्या पापाचा दंड मी भरायचा. वा! मी आजवर कुणाला आधी मेसेजसुद्धा केला नाही, त्याची सूट कुठे मिळते?

चहावाली_मिस्ट्रेस: मी एक मंच चालवते. कोपरा राखायचा तर हॉटेलवाला किमान बिल मागतो आणि "नक्की येतो" म्हणणारे अर्धे पुरुष येत नाहीत. तरी आम्ही सगळ्यांना सारखेच पैसे लावतो, कारण बाईला फुकट बोलावलं की पैसे भरणाऱ्याला वाटतं तिच्यासाठीच भरले. मी हाकलते ते फोटो काढणाऱ्यांना. एकाच्या सेल्फीत मागे बसलेलीचा चेहरा आला आणि तो तिच्या वहिनीपर्यंत पोचला. ब्रिटनमध्ये आपसात संमतीने असे खेळ खेळणाऱ्या पुरुषांवरचा 'आर विरुद्ध ब्राऊन' खटला पोलिसांच्या हाती लागलेल्या व्हिडिओवरूनच उभा राहिला. १९९३ साली हाउस ऑफ लॉर्ड्सने तिथे संमतीचा बचावही मानला नाही.

दोरीवाले_काका: फोटोचं पटलं. हात लावणाऱ्याला मीही उठवलं असतं, पण त्याच्यापायी मला कशाला झोडपता?

गाठ_निरगाठ: कारण तुमच्या रीतीने तो 'सर' ठरतो, काका. आणि नव्याने तोंड उघडायचं नाही म्हटल्यावर तक्रार करणार कोण?

दोरीवाले_काका: बरं बाबा, 'सर' नको, 'अहो' म्हणा. बोलासुद्धा, पोटभर बोला! फक्त मागच्या वर्कशॉपला माझी दोर कापायची कात्री नेली ती आधी परत करा. कात्रीशिवाय मी कुणाला बांधत नाही.

एकटा_जीव: आणि फीचं?