निळ्या देवमाशावर आठवीच्या मुलांसमोर बोलायचंय: काय घेऊ, काय गाळू?

भरती
नमस्कार मंडळी. विज्ञान मंडळात निळ्या देवमाशावर अर्धा तास बोलायचंय. जमवलेली माहिती बहुतेक 'सगळ्यात मोठा' याच पठडीतली आहे: लांबी ३० मीटरपर्यंत, वजन दीडशे टनांच्या घरात. हे मुलांना आधीच पाठ असतं. जीवशास्त्र आणि संवर्धन दोन्ही यायला हवं. सुरुवात कुठून करू?

खोलपाणी
त्याच्या खाण्यापासून करा, बाकीचं आपसूक येईल. एवढा अजस्र प्राणी क्रिलवर, म्हणजे कोळंबीसारख्या बोटाएवढ्या जीवांवर जगतो. थवा गाठला की वेग घेऊन जबडा उघडतो, गळ्याखालच्या लांब घड्या उलगडतात आणि एका घासात जवळपास स्वतःच्या वजनाइतकं पाणी आत येतं. मग ते बाहेर ढकलायचं. दात नाहीतच, वरच्या जबड्याच्या दोन्ही बाजूंना प्रत्येकी तीनेकशे बालीनच्या पट्ट्या असतात, आपली नखं ज्या केराटिनची त्याच्याच. त्यांच्या झिपऱ्या आतल्या कडेला गुंतलेल्या असतात, त्यात क्रिल अडकतं.
आता खरी गोम. जबडा उघडला की पाण्याच्या रेट्याने वेग मरतो, पुन्हा वेग घ्यायला ताकद खर्च होते. त्यामुळे थवा दाट असेल तरच घास परवडतो. समुद्र तापून क्रिल विरळ झालं तर काय होईल, हे मुलं स्वतःच सांगतील.

बांगडा_नव्हे
+१. सोबत हृदयाचे ठोके घ्याच. कॅलिफोर्नियाच्या मॉन्टेरे उपसागरात एका देवमाशाच्या अंगावर चूषकांनी यंत्र चिकटवून ते मोजले, निष्कर्ष २०१९ साली आले. खोल बुडी मारताना मिनिटाला २ ठोक्यांपर्यंत खाली, वर श्वास घेताना २५ ते ३७. आधी मुलांना स्वतःची नाडी मोजायला लावा.

जुनी_नोंदवही
शिकारीचा इतिहास कृपया गाळू नका. नुसतं 'माणसाने मारले' म्हणूनही भागवू नका, हिशेब दाखवा. देवमाशांच्या शिकारीचा कोटा 'ब्लू व्हेल युनिट'मध्ये ठरायचा: १ निळा म्हणजे २ फिन, किंवा अडीच हंपबॅक, किंवा ६ सेई (या देवमाशांच्याच इतर जाती). प्रजातीवार मर्यादा नाही, सगळ्यांची मिळून एकच. एका निळ्यात सर्वांत जास्त तेल, म्हणून आधी त्याच्याच मागे लागायचे. हा कोटा येण्याआधीच, एकट्या १९३०-३१ च्या हंगामात अंटार्क्टिक समुद्रात सुमारे २९,००० मारले. १९६६ मध्ये संरक्षण मिळालं, तरी सोव्हिएत जहाजं त्यानंतरही चोरून मारत राहिली. मला कोट्याचा भाग सर्वांत अस्वस्थ करतो, कारण विनाश कागदावर नियमानुसार चालला होता.

खोलपाणी
पटतं, पण आठवीची मुलं आहेत. आकड्यांखाली ती दबून जातील.

जुनी_नोंदवही
म्हणून एकच हंगाम सांगा, पण तो नीट सांगा. मुलांना अन्याय लगेच कळतो.

भरती
युनिटचा हिशेब फळ्यावर मांडेन, पक्कं. पण आता शिकार थांबली आहे, मग आज धोका कसला?

बांगडा_नव्हे
मुख्य म्हणजे जहाजांची धडक. कॅलिफोर्नियाचा किनारा, श्रीलंकेचं दक्षिण टोक, अशा ठिकाणी क्रिलचे पट्टे आणि जहाजांचे मार्ग एकमेकांवर येतात. जहाज अंगावर आलं तरी हा प्राणी चपळाईने बाजूला होत नाही, हळूहळू खाली जातो. उपाय आहेत: मार्ग सरकवणे, वेग १० नॉटपर्यंत (तासाला १० सागरी मैल) आणणे. आवाजाचाही त्रास आहे. याची हाक फार खालच्या पट्टीतली, आणि मोठ्या जहाजांची घरघरही त्याच पट्टीत. त्यात मादी दोन-तीन वर्षांतून एकदा एकच पिल्लू देते, म्हणून एकेक मृत्यू जड जातो.

जुनी_नोंदवही
दिलासाही द्या. दक्षिण अटलांटिकमधल्या दक्षिण जॉर्जिया बेटाभोवती ते जवळजवळ नाहीसे झाले होते, २०२० च्या पाहणीत तिथे पुन्हा डझनावारी दिसले. आणि 'किती उरले' विचारलं तर एकच आकडा ठोकू नका. आययूसीएन या निसर्ग संवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा अंदाज ५,००० ते १५,००० प्रौढ असा आहे. अंटार्क्टिक उपप्रजातीचा धोक्याचा दर्जा पूर्ण प्रजातीपेक्षा गंभीर आहे, तो वेगळा सांगा.