मंत्र्यांची पोस्ट आणि आमच्या वहिनीचे पन्नास रुपये

गंगेवरचा
परवा मंत्रिमहोदय नाशिकला येऊन गेले. (नाव लिहीत नाही. लिहिलं की पक्षावरून सुरू होतं आणि मुद्दा बोंबलतो.) गेल्यावर त्यांनी लांबलचक पोस्ट टाकली आहे. लाडक्या बहिणींच्या खात्यात पैसे गेले, बचत गटांच्या ताईंशी बोललो, गोदाकाठ साफ करणाऱ्या तरुणांना शाबासकी. शेवटी अंगणवाडी सेविका आणि आशा यांच्या रांगेपुढे हात जोडलेला फोटो, खाली निःस्वार्थ स्वयंसेवेला वंदन.

त्या रांगेत डावीकडून तिसरी माझी वहिनी आहे. अंगणवाडी सेविका. युनिफॉर्मची साडी नेसून दहाला हजर राहा म्हणून आदल्या रात्री निरोप. साहेब आले अडीचला.

निःस्वार्थ म्हणजे काय ते सांगतो. २०२४ च्या जुलैत लाडकी बहीणचे अर्ज सुरू झाले तेव्हा ते नारीशक्ती दूत अ‍ॅप दिवसा उघडायचंच नाही. वहिनी रात्री जेवणं झाल्यावर ओट्यावर बसायची, समोर गल्लीतल्या बायका पिशवीत आधार, रेशनकार्ड, पासबुक घेऊन. एक वाजायचा, दीड वाजायचा. फोन पुतण्याचा, डेटा पुतण्याचा. एका बाईचा फोटो चार वेळा काढला, कारण अपलोड होताना गोल फिरत राहायचं आणि शेवटी सगळा अर्ज कोरा. अर्जामागे पन्नास रुपये देऊ असं सरकारनेच सांगितलं होतं. वहिनीने शाळेच्या दुरेघी वहीत नावं लिहून ठेवली आहेत, दोनशे सत्तर भरतात. पन्नास गुणिले दोनशे सत्तर तुम्हीच करा. आलेले पैसे: शून्य.

कामाला लावायचं नोकरासारखं, पगाराचं विचारलं की 'मानधनी'. २०२२ च्या एप्रिलमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अंगणवाडीवाल्या ग्रॅच्युइटीला पात्र आहेत. तरी डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना पन्नासएक दिवस संपावर बसावं लागलंच. आशांच्या तर सरकारी नावातच 'स्वयंसेविका' आहे. शब्द असा निवडला की पैसे मागणारीलाच लाज वाटावी.

बाकी झाडू हातात घेऊन फोटो काढणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं.

सिडकोवासी
झालं का सुरू? कुणी काही चांगलं केलं की नाशिककराला पोटशूळ उठतो.

आमच्याकडे धुणंभांड्याला येणाऱ्या मावशींना २०२४ च्या रक्षाबंधनाआधी दोन महिन्यांचे मिळून तीन हजार आले. त्यांनी काय केलं माहितीये? दात काढून घेतला. दोन वर्षं लवंग लावून काढली होती बाईने, नवऱ्याकडे पैसे मागायचे नाहीत म्हणून. तुमच्यासारख्यांना १५०० म्हणजे एका रविवारचं हॉटेल. मंत्र्याने सांगितलं तर काय बिघडलं? कामं करायची आणि सांगायचीही नाहीत?

वहिनींचे पैसे मिळायला हवेत, मान्य. पण तो वेगळा विषय आहे.

खवचट खंडू
मंत्री आले त्या दिवशी त्र्यंबक रोडचे खड्डे बुजले होते. माझी नम्र विनंती आहे की त्यांनी दर सोमवारी यावं आणि दर वेळी वेगळ्या रस्त्याने यावं. द्वारका चौकाला प्राधान्य.

तहसीलग्रस्त
@सिडकोवासी, १५०० रुपयांची किंमत आम्हाला नका सांगू.

माझी आत्या, वय अडुसष्ट, मूलबाळ नाही. पासष्टच्या वर म्हणून लाडकी बहीण नाही. मग राहिली निराधार म्हाताऱ्यांची श्रावणबाळ योजना. तिथेही आता १५००च. पण लाडकीला उत्पन्नाची अट अडीच लाख, आणि पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलं तर दाखलासुद्धा नको. निराधाराला अट एकवीस हजार. महिन्याचे नाहीत हो, वर्षाचे! म्हणजे महिन्याला साडेसतराशेहून जास्त मिळाले की तुम्ही निराधार नाही. एका कार्यालयात (कुठलं ते राहू द्या, आत्याला अजून तिथेच जायचंय) बाबूने आत्याला विचारलं, "आजी, मग तुम्ही जगता कशावर?" आत्या म्हणाली, "तेच विचारायला आलेय."

एकाच सरकारच्या दोन योजना, रक्कम तीच, आणि गरिबीची व्याख्या बाराएक पट वेगळी. यावर कुणी पोस्ट टाकत नाही, कारण निराधारांची मतं मोजण्याइतकी भरत नाहीत.

गोदामाई
शेवटचं वाक्य वाचून आले. "झाडू हातात घेऊन फोटो काढणारे." गंगेवरचे साहेब, त्या फोटोतल्या निळ्या टोपीवाल्या आम्हीच. मी गेली सहा वर्षं दर रविवारी सकाळी सात ते नऊ गंगेवर (आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो) असते, पावसाळ्यात घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागलं की तेवढी सुट्टी. सहा वर्षांत मंत्री एकदा आले. अकरा मिनिटं थांबले. त्या अकरा मिनिटांवरून तुम्ही आमची सहा वर्षं ठरवली?

आम्हाला मानधन नकोय. पण निदान शिव्या तरी देऊ नका.

गंगेवरचा
ताई, तुम्हाला शिव्या नाहीत. पण स्पष्ट बोलू? तुम्ही नदी साफ करत नाही, तुम्ही निर्माल्य उचलता. वरून तुम्ही हार काढायचे आणि खालून नासर्डी, वाघाडी या उपनद्यांनी मैला आणून ओतायचा. नासर्डीचं नाव 'नंदिनी' केलं, वास तोच. गोदेसाठी लोक २०१२ साली हायकोर्टात गेले. शहराची जुनी मलशुद्धीकरण केंद्रं बीओडी (पाण्यातल्या घाणीचं माप) ३० धरून बांधलेली, नियम आला १० चा. ही कामं पालिकेची. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षं पालिकेत नगरसेवकच नव्हते, जाब विचारणार कुणाला? आणि तुमच्यासारखी भली माणसं फुकट राबली की वरच्यांना आयतं दाखवायला मिळतं. तुमच्या झाडूमागे त्यांचा नाला लपतो.

गोदामाई
अच्छा. म्हणजे नाला आमच्यामुळे वाहतो!

एकदा या रविवारी. रामकुंडाच्या खालच्या अंगाला उभे राहा आणि काय निघतं ते बघा. हार असतो प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवीला गाठ, गाठीवर गाठ. ती सोडवायला नखं लागतात, हातमोज्यांनी होत नाही. आत हार, सुपारी, उदबत्तीचा पुडा (पुठ्ठ्यासकट), कधी औषधाच्या पट्ट्या, एकदा कुणाचं तरी दहावीच्या बोर्डाचं हॉल तिकीट. तसबिरी येतात. काच फुटलेला दत्त, लक्ष्मी, कुणाचे तरी वारलेले वडीलसुद्धा. काच हाताला लागते म्हणून मी वेगळी बादली ठेवते. हे काही मंत्री टाकत नाहीत आणि पालिका पण टाकत नाही. हे तुम्ही-आम्ही, गंगेला आई म्हणणारे टाकतो. नाल्याचं मी पण पत्र लिहिते, तीन लिहिलीत, पोच आहे. पण उत्तर येईपर्यंत पिशवी तशीच तरंगत ठेवू?

पंचवटीकर
ताईंच्या कामाबद्दल आदर आहे. पण आता विषय निघालाच आहे तर बोलतो. हीच मंडळी अनंत चतुर्दशीला घाटावर टेबल मांडून 'देव द्या, देवपण घ्या' म्हणून मूर्ती मागतात. देव ही दान करायची वस्तू आहे का? दहा दिवस प्राणप्रतिष्ठा करून पूजलेला गणपती मी टेम्पोत चढवू? माझे आजोबा याच घाटावर विसर्जन करायचे, तेव्हा नदी मेली नव्हती.

गोदामाई
आजोबांची मूर्ती शाडूची होती काका. घरात मावणारी. प्लॅस्टर पाण्यात विरघळत नाही. सोडल्यानंतर आठ दिवसांनी घाटावर या, सोंड एकीकडे, हात एकीकडे, वर रंगाची साय. ते गोळा करताना मला काय वाटतं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही. टेम्पोत निदान देव अख्खा असतो.

पंचवटीकर
टेम्पोतल्या मूर्ती पुढे कुठे जातात ते पण सांगा की मग. खाणीत? आम्हाला सगळं माहीत आहे.

सिडकोवासी
आम्ही दोन वर्षं घरीच करतो. पालिका अमोनियम बायकार्बोनेटची पावडर देते, फुकट. बादलीत मूर्ती, वर पावडर, दोनतीन दिवसांत खाली चुन्यासारखा गाळ आणि वर खताचं पाणी. फक्त एक सांगतो, बादली गॅलरीत ठेवा. पहिल्या वर्षी बाथरूममध्ये ठेवली, अमोनियाच्या वासाने सासूबाई भावाकडे राहायला गेल्या. (दुसऱ्या वर्षी पण तिथेच ठेवली होती, ते जाऊ द्या.)

पंचवटीकर
बाप्पा बादलीत, तोही बाथरूममध्ये! वाचवत नाही. आणि हे लोक आम्हाला संस्कार शिकवणार.

सिडकोवासी
काका, माझ्या संस्कारांवर जायचं नाही. तुमच्या पंचवटीत बुधवारचा बाजार उठला की घाटावर जो भाजीपाल्याचा चिखल असतो त्याला कुठल्या शास्त्रात प्राणप्रतिष्ठा सांगितली आहे?

पंचवटीकर
भाजीबाजार मी भरवतो का? मुद्द्यावर उत्तर नसलं की माणूस असा घसरतो.

निफाडचा पाहुणा
तुम्ही सगळे भांडून घ्या. मी खालच्या अंगाला राहतो. तुमचा हार, तुमची पिशवी, तुमचा नाला, तुमचा अर्धवट विरघळलेला गणपती, सगळं आमच्याकडे येतं. नांदूरमध्यमेश्वरला राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (जगाच्या यादीतली पाणथळ जागा) म्हणून पाटी आहे, आणि त्याच नदीत पानवेली अशा माजतात की पोरं चेंडू टाकतात तर चेंडू वरच राहतो. माझी मोटर महिन्यातून दोनदा काढून साफ करतो. तुम्ही म्हणता पाणी तुमचं. वरून पाणी ठेवायचं नाशिकने, मराठवाड्यातलं जायकवाडी धरण ६५ टक्क्यांच्या खाली गेलं की वरून पाणी सोडावं लागतं म्हणून २०२३ सारखी बोंबाबोंब करायची नाशिकने, आणि आम्ही मधल्यांनी काय प्यायचं? मंत्र्यांच्या पोस्टमध्ये निफाड होतं का? नव्हतं. मी दोनदा शोधलं.

खवचट खंडू
जायकवाडी आली! मी मित्राशी पैज लावली होती की वीस प्रतिसादांच्या आत येणार. एक मिसळ जिंकलो.

गंगेवरचा
मूळ मुद्दा कुठे होता आठवतंय का कुणाला? अंगणवाडी. मानधन. पन्नास रुपये.

सिडकोवासी
आठवतंय. आणि मी विचारून आलो, तुमच्यावर उपकार म्हणून नाही, मलाच चैन पडेना. आमच्या मावशींचा अर्ज कुणी भरला? वस्तीतल्या अंगणवाडीच्या ताईंनी. त्यांना पन्नास मिळाले का? मावशी म्हणाल्या, "त्यांना कशाला मिळतील, त्या तर सरकारच्याच ना?" आता यावर काय बोलणार. तेव्हा तेवढ्यापुरता तुमचा विजय झाला असं समजा आणि पेढे वाटा.

पण योजना वाईट नाही, हे माझं वाक्य मी मागे घेत नाही.

तहसीलग्रस्त
योजना वाईट नाही. ई-केवायसीला मात्र नवऱ्याचा नाहीतर वडिलांचा आधार आणि त्यावर ओटीपी. विधवा बाईने ओटीपी कुठून आणायचा, वैकुंठातून? आरडाओरडा झाल्यावर तारीख वाढवली आणि सोय केली म्हणे. आधी कुणाच्या डोक्यात आलं नाही की राज्यात विधवा असतात? वहिनींसारखी एक बाई त्या बैठकीत असती तर दोन मिनिटांत बोलली असती. तिला फोटोपुरतंच बोलावतात.

सिडकोवासी
नवऱ्याच्या ओटीपीसाठी मावशी तीन दिवस त्याच्या मागे होत्या. तो सांगायचे दोनशे मागत होता. दिले.

गोदामाई
@गंगेवरचा, मी काल चिडून लिहिलं, पण 'झाडूमागे नाला लपतो' हे डोक्यातून जात नाहीये. पटलं असं समजू नका. मंत्र्यांसोबतच्या फोटोत आमच्या मागे नाल्याचं तोंड होतं. फोटोग्राफरने आम्हाला दोन पावलं डावीकडे सरकवलं. मी तेव्हा म्हटलं उजेडासाठी असेल.

आम्ही रविवारी आहोतच. निफाडच्या भाऊंनी पण यावं, येताना त्यांच्या मोटरीतनं निघालेलं घेऊन यावं, ओळखू येतंय का बघू.

पंचवटीकर
मी येईन. मूर्तीच्या विषयावर नाही, पिशव्यांच्या. गाठीवर गाठ मारणारे कोण आहेत ते मला पण बघायचंय. (आमच्या घरून निर्माल्य कागदात जातं, प्लॅस्टिकात नाही. नोंद असावी.)

खवचट खंडू
त्र्यंबक रोडची खडी निघायला लागली. पाच दिवस टिकली, गेल्या दौऱ्याला चारच टिकली होती.

गंगेवरचा
ताई, दोन पावलं डावीकडे! हे मूळ पोस्टमध्ये हवं होतं. झाडूचं वाक्य मागे घेतो, बाकीचं नाही.

वहिनीला रात्री सगळा धागा वाचून दाखवला. भाजी निवडत ऐकत होती. गणपतीपाशी हसली, ओटीपीपाशी "अगदी बरोबर" म्हणाली. शेवटी विचारलं, "इतकी माणसं बोलली, त्यातलं कुणी मंत्रालयात ओळखीचं आहे का? वही झेरॉक्स करून ठेवलीय मी."