मदत हवी आहे: गेम रिझर्व्हमधलं फार्महाऊस, साधी गाडी चालेल का? (तातडीचं)

जोबर्गचा_जावई
नमस्कार मंडळी. ऑफिसातून घाईत लिहितोय, शुद्धलेखन माफ करा. पुढच्या महिन्यात चार रात्रींसाठी इथे दक्षिण आफ्रिकेत एका खाजगी गेम रिझर्व्हमधलं (वन्यप्राण्यांसाठी राखलेलं रान) फार्महाऊस घेतलंय. अख्खं घर आपलं, शेजारचं घर नऊ किमीवर. बायकोने फोटो बघून पैसे भरून टाकले आणि काल मालकीणबाईंच्या सूचनांची दोन पानं आली. त्यात म्हटलंय, हाय क्लिअरन्स गाडी हवी, म्हणजे पोट जमिनीपासून उंच असलेली. आमची हॅचबॅक आहे. फोर बाय फोरचं (चारही चाकांना इंजिनाचा जोर असलेली गाडी) भाडं घराच्या भाड्याएवढं पडतंय. शुक्रवारपर्यंत रद्द केलं तर अर्धे पैसे परत, नंतर भोपळा. साधी गाडी चालेल का? एवढंच सांगा.

सह्यवेडा
अहो, कुठे ते तरी लिहा. दक्षिण आफ्रिका महाराष्ट्राच्या जवळजवळ चौपट आहे. माणसं किती, वयं काय? आणि रिझर्व्हमध्ये सिंह-हत्ती आहेत का? त्यावर सगळं अवलंबून.

कोथरूडची_काकू
मलेरियाच्या गोळ्या विसरू नका. माझा भाचा तिकडच्या क्रूगर नॅशनल पार्कला गेला होता, त्याने घेतल्या होत्या. लहान मूल असेल तर डॉक्टरांना विचारूनच द्या.

जोबर्गचा_जावई
गोळ्यांचं विचारलं नव्हतं काकू, तरी धन्यवाद. वॉटरबर्ग पठार, फालवाटर गावाच्या पुढे. जुलै. मी, बायको, मुलगी (४) आणि पुण्याहून येणारे आईबाबा (६८, ७४). सिंह-हत्ती नाहीत. जिराफ, झेब्रे, कुडू (मोठं हरीण) वगैरे. घराला कुंपण नाही.
गाडीचं सांगा ना कोणी.

सह्यवेडा
वॉटरबर्गात मलेरिया नाही काकू. क्रूगरचा सखल भाग वेगळा, हे पठार वेगळं. उलट जुलै म्हणजे तिथे हिवाळा, रात्री पारा शून्याजवळ जातो, तेव्हा गोळ्यांऐवजी बाबांची कानटोपी.

पंतांचा_नातू
फोर बाय फोरच घ्या, पैशाकडे बघू नका. आम्ही साध्या सेडानने असल्याच एका फार्मवर गेलो होतो. गेटपासून दोन किमीवर खालून 'खडाक' आवाज आला, ऑइल रस्त्यावर. भाड्याची गाडी, आणि विम्याच्या कागदात बारीक अक्षरात लिहिलेलं की खालच्या भागाचं नुकसान आमच्या डोक्यावर. आजही बायको ऐकवते.

बक्कीवाला
पोलोक्वानेला अकरा वर्षं आहे, दर महिन्याला त्या बाजूला जातो. पंत, तुमची गाडी फुटली ती फोर बाय फोर नव्हती म्हणून नव्हे, पोट खाली होतं म्हणून. दोन्ही वेगळ्या गोष्टी.

जोहान्सबर्गहून साधारण सव्वादोनशे किमी. एन १ ने मोदिमोले, तिथून आर ३३ ने फालवाटर, सगळं डांबरी. त्रास गेटच्या आत. फार्मच्या रस्त्यावर चाकांच्या दोन चाकोऱ्या आणि मध्ये मातीचा उंचवटा. इथे त्याला मिडलमॅनेकी म्हणतात, म्हणजे 'मधला छोटू'. हा छोटू हॅचबॅकचं पोट खरवडतो. जुलैत त्यावरचं गवत वाळून कडक झालेलं असतं, ते सायलेन्सरजवळ अडकलं तर पेट घेऊ शकतं. आत शिरलात की थांबून एकदा वाकून खाली बघा.

मालकीणबाईंना विचारा: आत वाळू आहे, दगड आहेत, की नुसता छोटू? नुसता छोटू असेल तर गाडी गेटवर ठेवा, त्यांचा माणूस बक्कीने (इथे पिकअपला बक्की म्हणतात) सामानासकट नेऊन सोडेल. बरेच जण तसं करतात. आणि दुपारी चारच्या आत पोचा. जुलैत साडेपाचला सूर्य मावळतो, अंधारात कुडू समोर आला तर गाडी कुठलीही असो.

पंतांचा_नातू
वा! म्हणजे चार दिवस ७४ वर्षांचे गृहस्थ जंगलात आणि गाडी गेटवर. रात्री छातीत दुखलं तर?

बक्कीवाला
रात्री त्या रस्त्यावर नवखा माणूस फोर बाय फोर घेऊन निघाला तर जास्त भीती. मालकाचा माणूस किती लांब राहतो आणि रेंज आहे का, ते विचारा.

जोबर्गचा_जावई
रेंज नाही. मागच्या टेकडीवर येते म्हणे. घरात मॅनेजरशी बोलायचा रेडिओ (वॉकीटॉकीसारखा) आहे, मॅनेजर तीन किमीवर. वीजही नाही, पण तो प्रश्न नाही. पानावर आणखी एक ओळ आहे जी कळलीच नाही: "डाँकी संध्याकाळी चार वाजता पेटवावा."

कोथरूडची_काकू
गाढव पेटवायचं??

बक्कीवाला
😂 काकू, बंब! घराबाहेर विटांच्या चुलीवर लोखंडी पिंप आडवं टाकलेलं असतं, खाली लाकडं, त्यातून नळाला गरम पाणी. त्याला इथे डाँकी बॉयलर म्हणतात. तासाभरात पाणी चटका देतं.

जोबर्गचा_जावई
बाबांना फोनवर सांगितलं. म्हणाले, पेटवायचं काम माझं, तुम्ही कोणी हात लावू नका. आईने विचारलं, राखेचं काय करायचं.
(संडास-बाथरूमही बाहेरच आहे. हे आईला अजून सांगितलेलं नाही.)

सह्यवेडा
आणि हे तुम्ही आत्ता सांगताय! कुंपण नाही, संडास बाहेर, बाबा ७४. गाडीचा प्रश्न केव्हाच मागे पडला. बिबट्या वॉटरबर्गात मोकळा फिरतो, तो कुंपणांना जुमानत नाही. रात्री एकट्याने बाहेर नको. खोलीत झाकणाची बादली ठेवा, लाजू नका.

विदर्भवीर
खाजगी रिझर्व्ह म्हणजे जिराफही मालकाचे का? एवढ्या खर्चात ताडोबा तीनदा झालं असतं.

सह्यवेडा
हो, मालकाचेच. तिथे १९९१ चा कायदा आहे, जमीन नीट कुंपणबंद असेल तर आतल्या प्राण्यांवर मालकी राहते. म्हणून तर शेतकरी गुरं सोडून जिराफांकडे वळले. आणि ताडोबाचा कोअर (आतलं मुख्य जंगल) जुलैत बंद असतो, वीरा.

विदर्भवीर
बफर (बाहेरचा पट्टा) चालू असतो.

गडबडगुंडा
आईबाबा आदिस अबाबामार्गे येत असतील तर यलो फीव्हरच्या लशीचा दाखला लागेल बरं का!

बक्कीवाला
तिथे विमान बदलायला बारा तासांपेक्षा जास्त लागले तरच. घाबरवू नका. त्यापेक्षा गवतातून आल्यावर मुलीच्या गुडघ्यामागे, कानामागे गोचीड बघा, मिरीच्या दाण्याहूनही लहान असतात. आणि स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवू नका. माझ्या डोळ्यांदेखत एका माकडाने पोळ्यांचा डबा पळवला, झाडावर बसून झाकण काढलं आणि लोणच्याची फोड चाटून माझ्या अंगावर फेकली.

जोबर्गचा_जावई
मालकीणबाईंचं उत्तर आलं. वाळू नाही, दगड नाहीत, नुसता छोटू. गेटवर शेडमध्ये गाडी ठेवायची, मॅनेजर बक्कीने नेईल, वेगळे पैसे नाहीत. संडास मागच्या दारापासून बारा पावलं, कंदील मिळेल. मॅनेजर रात्री रेडिओ उशाशी घेऊन झोपतो म्हणे. रद्द करत नाही. संडासाचं आईला सांगितलं. बाबांनी मागून, "परसाकडे जायची सवय आहे तिला," असं म्हणून घेतलं, आता दोघं बोलत नाहीयेत.

पंतांचा_नातू
गाडी गेटवर ठेवणं चूकच. असो.

कोथरूडची_काकू
थालीपिठाची भाजणी आईंना पुण्याहून आणायला सांगा. तिकडे ज्वारीचं पीठ मिळतं का हो?

बक्कीवाला
मिळतं, 'माबेले' म्हणून मागा. लापशीसाठी जाडसर दळतात, दोनदा चाळून घेतलं तर भाकरी थापता येते. कडा फाटतात थोड्या.