‘पर्यावरणीय घटक’ वाचून मावशी म्हणाली, धुरानं होतं का?

मृण्मयी: एका दवाखान्यासाठी नैराश्यावरचं माहितीपत्रक मराठीत करतेय. वाक्य असं झालं: ‘नैराश्यामागे अनुवांशिक आणि पर्यावरणीय जोखीम घटक असतात.’ मावशीला वाचायला दिलं. ती सातवी शिकलेली, रोज पेपर वाचते. ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “म्हणजे धुरानं होतं का? मग आमच्या गावात कुणाला व्हायलाच नको.” तिचीच धाकटी जाऊ बाळंतपणानंतर चार महिने भिंतीकडे तोंड करून पडून असायची. बाळंतपण, जवळच्याचा मृत्यू, लहानपणी झालेला छळ, सुटलेली नोकरी, लांबलेलं आजारपण, हे सगळं ज्यात मावेल असा शब्द हवाय.

सदानंद: सरळ ‘परिस्थिती’ लिहा.

मृण्मयी: काका, तो लिहून पाहिला. पण ‘घरची परिस्थिती नाही’ म्हणजे आपल्याकडे गरिबीच. पैसेवाल्यांना वाटेल, आपल्याला हे होत नाही.

वैदेही: ‘घरचं वातावरण’? बोलताना आपण हेच म्हणतो.

निखिल: वैदेहीताई, तिथेच घोटाळा आहे. 2000 साली जुळ्यांवरच्या अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला. त्यात आनुवंशिकतेचा वाटा सुमारे 37 टक्के आला, आणि भावंडांच्या सामाईक घराचा जवळजवळ नगण्य. बाकीचा वाटा ज्याच्या त्याच्या वेगळ्या अनुभवांचा (मोजण्यातल्या चुकाही त्यातच धरलेल्या). ‘घरचं वातावरण’ लिहिलंत तर आईबाप स्वतःला दोष देत बसतील. मी ‘वाट्याला आलेल्या गोष्टी’ असं लिहीन.

सदानंद: ‘वाट्याला आलेलं’ म्हणजे नशीब. वैद्यकीय पत्रकात नशीब नको. आणि मृण्मयी, ‘अनुवांशिक’ चूक आहे. अनुवंश अधिक इक, म्हणून ‘आनुवंशिक’. पहिला स्वर वाढतो, ‘वं’ मात्र तसाच राहतो, त्याला काना लागत नाही. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात धडाच आहे ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’.

वैदेही: काका, निम्मा महाराष्ट्र ‘अनुवांशिक’ म्हणतो. सगळे म्हणतात ते चूक कसं?

सदानंद: सगळे म्हणतात म्हणून व्याकरण बदलायचं, तर उद्या शुद्धलेखन शिकवायचं कुणाला?

निखिल: वेलांटी-काना राहू दे. मला त्या शब्दाचीच भीती वाटते. माझ्या बहिणीला नैराश्य होतं. लग्नाच्या बोलण्यात कुणीतरी ‘आनुवंशिक आहे ना?’ विचारलं आणि बैठक मोडली. सख्ख्या नात्यात कुणाला असेल तर धोका दोन-तीन पट होतो, हे खरं. पण धोका वाढणं म्हणजे आजार ठरलेला असणं नव्हे. ते 37 टक्केही लोकसमूहातल्या फरकांबद्दल आहेत, एका माणसाच्या दुखण्याची ती वाटणी नाही. मराठीत ‘आनुवंशिक’ म्हटलं की ऐकणाऱ्याला ‘रक्तातच आहे’ असंच ऐकू येतं.

गोदाकाठ: मी समुपदेशक. माझ्यासमोर बसलेला माणूस ‘नैराश्य’ म्हणत नाही. ‘कशात मन लागत नाही’, ‘अंगात त्राणच नाही’, ‘नुसतं रडू येतं’, नाहीतर थेट ‘डिप्रेशन’. निराश तर परीक्षेत नापास झालेला मुलगाही होतो. आजाराला वेगळा शब्द हवा.

सदानंद: आहे की, विषाद! अर्जुनाचा.

वैदेही: ‘विषाद’ ऐकलं की मला विषच आठवतं.

सदानंद: विषाचा काही संबंध नाही. धातू सद्, म्हणजे बसणे, खचणे. वि लागला की विषाद, विषण्ण. अव लागला की अवसाद, तो हिंदीवाल्यांनी उचलला. प्र लागला की प्रसाद, प्रसन्न. सगळी एकाच घरची भावंडं.

गोदाकाठ: म्हणजे ‘प्रसन्न’ आणि ‘विषण्ण’ सख्खे? हे उद्या गटात सांगेन. ‘उदास’ पण त्यातलाच का?

सदानंद: नाही, तो आस् धातूचा. उद् अधिक आसीन, अलिप्त बसलेला. म्हणून ‘औदासीन्य’ या आजाराला मुळीच चालणार नाही.

वैदेही: पण काका, मराठीत ‘उदास’ म्हणजे खिन्नच ना? अलिप्त कोण म्हणतं?

मृण्मयी: पत्रक परवा छापायला जातंय. पर्यावरणाचं काय करू?