पाहिलेल्या सामन्यांची वही

पाहिलेल्या बेसबॉल सामन्यांची नोंद ठेवताना, आपण स्टेडियममध्ये असताना संघ किती जिंकला-हरला एवढंच मोजावं, असं काही जण म्हणतात. मला ते अपुरं वाटतं. बॉस्टनच्या फेनवे पार्क मैदानावर गेले की मी स्कोअरकार्ड पेन्सिलीने भरतेच. जुन्या पानावर ६-४-३ दिसलं (हे क्षेत्ररक्षकांच्या जागांचे क्रमांक), की शॉर्टस्टॉपने, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या क्षेत्ररक्षकाने उचललेला चेंडू, दुसऱ्या बेसवर रेड सॉक्स संघाच्या पेड्रोयाची ती झटक्यात गिरकी आणि पहिल्या बेसवरचा आउट, सगळं पुन्हा डोळ्यांसमोर उभं राहतं. स्ट्राइकआउटची (तीन स्ट्राइकवर बाद) खूण इंग्रजी K; बॅटर बॅट न फिरवताच तसा बाद झाला तर उलटा K. ही पानं जपली म्हणूनच ‘माझ्यासमोर’ कोणाची बॅटिंग सरासरी (फलंदाजीच्या संधींमागे किती हिट) किती, ते काढता येतं. सामने थोडे, त्यामुळे आकडे फार वरखाली होतात, तरी मला तोच रकाना सगळ्यांत प्रिय आहे.

सामन्याला लागलेला वेळही जरूर लिहा. २०२३ साली अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये पिच क्लॉक (चेंडू टाकायला वेळमर्यादा घालणारं घड्याळ) आलं आणि नऊ इनिंगचा सामना सरासरी २४ मिनिटांनी आटोपशीर झाला. वहीत हा फरक लगेच कळतो.

पावसामुळे मध्येच थांबवलेला सामना मोजायचा का, असंही काही जण विचारतात. पाच इनिंग झाल्या असतील (यजमान नंतर बॅटिंग करतात, म्हणून ते पुढे असतील तर साडेचार), तर नियमाने तो पूर्ण धरतात. बिनधास्त मोजा.